वॉटर मॉनिटर आणि मांजरी एकाच घरात: सुरक्षित व्यवस्था कशी करावी?

प्रश्न: ह्यूस्टनची आई

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. आमची मुलगी नोकरी बदलत असल्यामुळे पुढच्या महिन्यात काही काळासाठी घरी राहायला येणार आहे आणि तिच्यासोबत तिने पाळलेला वॉटर मॉनिटरही येणार आहे. आपल्याकडच्या घोरपडीचाच हा मोठा भाऊबंद. शेपटी धरून त्याची लांबी आजच दीड मीटरच्या आसपास आहे, तो नर आहे आणि अजून वाढतो आहे. आमच्याकडे दोन मांजरी आहेत. एक बारा वर्षांची, शांत आणि बहुतेक वेळ खिडकीत झोपून असणारी, तर दुसरा वर्षभराचा बोका, ज्याला घरातले प्रत्येक कपाट आतून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

मुलीचे म्हणणे असे की तिचा प्राणी अतिशय माणसाळलेला आहे, तो मांडीवर येऊन बसतो आणि त्याने आजवर कोणालाही चावा घेतलेला नाही. त्यामुळे हळूहळू ओळख करून दिली, तर आपल्या देखरेखीखाली तो मांजरींबरोबर दिवाणखान्यात फिरू शकेल, असे तिला वाटते. मांजर आणि मॉनिटर शेजारी शेजारी पहुडल्याचे काही व्हिडिओही तिने मला दाखवले. तिचे त्या प्राण्यावरचे प्रेम मला दिसते आणि त्याला घरात जागा नाकारण्याचा माझा विचार नाही, परंतु मांजरींची जबाबदारीही माझीच आहे. शिवाय दिवाळीच्या सुमारास सातार्‍याहून माझ्या सासूबाई येणार आहेत आणि त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. अशी ओळख करून देणे शक्य असते का, आणि नसल्यास घराची मांडणी नेमकी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: मेलबर्नकर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टच देतो. ओळख करून देऊ नका. आज नको, प्राणी रुळल्यावर नको आणि देखरेखीखालीही नको.

मी ऑस्ट्रेलियात रीतसर परवाना घेऊन लेस मॉनिटर पाळतो. वॉटर मॉनिटर इथे पाळता येत नाही, पण स्वभावाच्या ज्या गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत त्या दोघांमध्येही सारख्याच आहेत. लेस मॉनिटर रानात पक्ष्यांची अंडी खातो, पिल्ले खातो आणि झाडावर राहणारे पोसमही खातो. पोसम हा अंगावर दाट केस असलेला, उबदार, चपळ सस्तन प्राणी आहे. त्याला खाद्य मानणार्‍या जातीने मांजराला मात्र घरातला सदस्य समजावे, ही अपेक्षा त्या प्राण्यावरच अन्याय करणारी आहे. वॉटर मॉनिटर तर मासे, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्षी, अंडी आणि मेलेली जनावरे यांपैकी जे मिळेल ते खातो. बँकॉकच्या लुम्फिनी उद्यानात हे प्राणी फिरायला आलेल्या लोकांच्या शेजारून संथपणे चालत जातात आणि पाहणार्‍याला ते निरुपद्रवी वाटतात. माणूस त्यांच्या तोंडात मावणारा नाही आणि त्यांना रोज दिसतो, म्हणून ते त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. मांजराच्या बाबतीत हा हिशेब लागू होत नाही.

मॉनिटर माणसाळतो हे खरे आहे. तो माणूस ओळखतो, खाण्याची वेळ ओळखतो, दाराचा आवाज ओळखतो, आणि ही हुशारी पाहूनच आपण त्याच्या प्रेमात पडतो. पण शिकार करण्याची त्याची प्रतिक्रिया हालचाल आणि वास यांवर चालते. दुभागलेली जीभ बाहेर काढून तो हवेतले आणि जमिनीवरचे कण टाळूतल्या गंधेंद्रियापर्यंत पोहोचवतो. महिनाभर शेजारी शांत बसलेले मांजर एखाद्या दिवशी भांडे पडल्याच्या आवाजाने दचकून पळाले, तर त्या क्षणी त्याच्या दृष्टीने ती फक्त पळणारी शिकार असते. तुमची मुलगी खोलीतच उभी असली तरी मधल्या एका सेकंदात तिला काहीही करता येणार नाही. देखरेखीवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

इथे उलटा धोकाही आहे, जो पुष्कळ लोक विसरतात. अंड्यातून बाहेर आलेला वॉटर मॉनिटर सुमारे तीस सेंटिमीटरचा असतो आणि त्या वयात मांजर हीच त्याची शिकारी असते. तुमचा प्राणी आज मधल्या टप्प्यावर आहे, म्हणजे दोघेही एकमेकांना गंभीर इजा करू शकतात. त्याची वाढ चालूच राहील, नर दोन मीटरपर्यंत सहज जातो, आणि मग प्रश्न फक्त मांजरींच्या जिवाचा उरेल.

आता मांडणीविषयी. त्याला स्वतंत्र खोली द्या आणि ती तळमजल्यावरची असू द्या. याचे कारण वजन हे आहे. त्याला अख्खे अंग बुडवता येईल एवढी पाण्याची टाकी लागते. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो, त्यात उकरण्यासाठी लागणारी खोल माती आणि पिंजर्‍याचे स्वतःचे वजन मिळवले, तर अमेरिकेतल्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर हा भार टाकण्यापूर्वी जाणकाराला विचारावे लागेल. पिंजर्‍याचे माप म्हणून आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच असा आकडा वारंवार सांगितला जातो. दोन मीटरच्या प्राण्याला तो अपुरा आहे असे माझे मत आहे. खोलीचा अर्धा भागच पिंजरा म्हणून बंदिस्त करता आला तर उत्तम, कारण आत पुरेशी जागा, पाणी आणि उकरायला माती मिळालेला प्राणी दारावर धडका कमी मारतो.

पिंजर्‍याचे छत भक्कम असावे, जाळीचे नसावे. आतल्या दिव्याखाली त्याला ऊब घ्यायची जागा लागते आणि तिथल्या पृष्ठभागाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस ठेवावे लागते. ही ऊब वर झिरपते आणि मांजर घरातली सर्वांत उबदार जागा शोधतेच. जाळीवर बसलेले मांजर भाजू शकते, जाळी वाकून आत पडू शकते, आणि दिवा जाळीच्या वर ठेवलेला असेल तर त्यावर जमणार्‍या केसांमुळे आगीचाही धोका असतो. दिवे आत बसवून त्यांना तारेचे संरक्षक आवरण लावा आणि विजेच्या वायरी नळीतून न्या. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या व एक कुलूप हवे. नुसती सरकणारी काच मॉनिटर नखे आणि नाकाच्या जोरावर बाजूला करतो.

खोलीच्या दाराला खाली दाबायची आडवी मूठ असेल, तर ती काढून गोल मूठ बसवा. आडवी मूठ बोका उडी मारून उघडू शकतो आणि आतून मॉनिटर अंगाच्या भारानेही उघडू शकतो. बाहेरच्या बाजूला उंचावर एक बोल्ट लावा. दार आपोआप बंद होईल अशी स्प्रिंगची बिजागरी स्वस्त मिळते आणि या सगळ्या व्यवस्थेत मला तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण हातात पाण्याची बादली घेऊन बाहेर पडणार्‍या माणसाला पाठीमागचे दार ओढून घेणे सुचत नाही.

उत्तर: फिनिक्सवासी

मेलबर्नकरांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण थोडे वेगळे मत नोंदवतो. माझ्याकडे ब्लॅक-थ्रोट मॉनिटर आहे आणि घरात एक मोठे मांजरही आहे. दोघे बर्‍याच काळापासून एका खोलीत वावरतात. मांजरच त्याला पंजा मारून दूर ठेवते आणि तो मुकाट्याने वळतो. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव वेगळा असतो. मॉनिटर पोट भरलेला असेल आणि मांजर धीट असेल, तर सरसकट नाही म्हणण्याची गरज नाही असे मला वाटते.

उत्तर: मेलबर्नकर

तुमच्या घरात आजवर काही घडले नाही, हे मी पूर्ण मानतो. त्यातून एवढेच कळते की आजवरच्या परिस्थितीत काही घडले नाही. पोट भरल्याची खात्री मॉनिटरच्या बाबतीत देता येत नाही, कारण रानात अन्न रोज मिळत नसल्यामुळे समोर आले की खायचे अशीच त्याची घडण आहे. तुम्ही सांगितलेला पंजाही मला चिंतेचा वाटतो. तो डोळ्यावर बसला तर नुकसान मॉनिटरचे आहे आणि त्याने उलट तोंड टाकले तर मांजराचे. ताईंचा बोका वर्षभराचा आहे आणि त्यांची दुसरी मांजर म्हातारी आहे. या दोघांच्या बाबतीत तुमचा दाखला वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर: दवाखान्यातून

मी पशुवैद्य आहे आणि सरपटणारे प्राणी तसेच मांजरी दोन्ही तपासते. मांडणीविषयी मेलबर्नकरांनी लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. मी आरोग्याच्या बाजूने लिहिते.

मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू सहसा असतातच. मांजराच्या दाताने पडलेले छिद्र वरून टाचणीएवढे दिसते, पण जिवाणू खोल जातात, आणि सरपटणार्‍या प्राण्यांमध्ये संसर्गाची लक्षणे उशिरा दिसतात. म्हणून मॉनिटरला मांजर चावले किंवा तिने खोल ओरबाडले, तर जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी त्याला सरपटणारे प्राणी तपासणार्‍या डॉक्टरांकडे न्यावे. उलट मॉनिटरने मांजराला धरले, तर मांजराला ओढून सोडवू नये. मॉनिटरचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात आणि ओढल्याने जखम फाटत जाते. पकड सुटल्यावर स्वच्छ कापडाने दाब देऊन रक्त थांबवावे आणि थेट आपत्कालीन दवाखाना गाठावा, कारण मॉनिटर शिकार झटकतो आणि बाहेरून न दिसणारी इजा आत झालेली असू शकते. शेपटीच्या फटक्यालाही कमी लेखू नये.

आता अशी एक गोष्ट, जी दोन्ही प्राणी असलेल्या प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. सरपटणार्‍या प्राण्यांच्या अंगावरील गोचिडासारख्या बारीक माइट किड्यांसाठी पिंजर्‍यात मारायचे काही फवारे परमेथ्रिन या द्रव्याचे असतात. परमेथ्रिन मांजरींसाठी विषारी आहे. त्यांच्या यकृताला ते मोडून शरीराबाहेर टाकता येत नाही, आणि त्यामुळे थरथर, झटके व मृत्यूही ओढवू शकतो. मुलीच्या सामानात असा फवारा असेल तर तो घरात आणूच नका. किडे आढळले तर डॉक्टरांना घरात मांजरी असल्याचे आधी सांगा आणि मगच औषध ठरवा. जीवनसत्त्व ड-३ मिसळलेली कॅल्शियमची पूडही कपाटात बंद ठेवा, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेक मांजरींच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो.

तुमच्या सासूबाईंच्या संदर्भात साल्मोनेला महत्त्वाचा आहे. निरोगी दिसणार्‍या सरपटणार्‍या प्राण्याच्या विष्ठेतूनही हे जिवाणू बाहेर पडतात आणि ते त्याच्या कातडीवर, पाण्याच्या टाकीत आणि तो जिथे चालतो त्या फरशीवर पोहोचतात. पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा त्रास गंभीर होऊ शकतो. म्हणून तो दिवाणखान्यात न येणे हे मांजरींइतकेच आजींच्याही हिताचे आहे. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये आणि त्याची भांडी तिथे धुऊ नयेत. गोठवलेले उंदीर घरच्या फ्रिजमध्ये अन्नाशेजारी ठेवण्याऐवजी छोटा स्वतंत्र फ्रीजर घ्यावा, आणि उंदीर वितळवताना तो झाकणाच्या डब्यात त्याच बंद खोलीत ठेवावा. ओट्यावर ठेवलेला उंदीर तुमचा बोका नक्की पळवेल, आणि त्याच्याकडून तो संसर्ग सोफ्यावर आणि आजींच्या मांडीवर येईल. त्या खोलीतून बाहेर पडणार्‍या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत आणि उंदीर हाताळले असतील तर कपडेही बदलावेत. हातांना उंदराचा वास असताना मॉनिटरला उचलणे तर मुलीसाठीही धोक्याचे आहे.

मांजरींच्या मनःस्थितीविषयीही थोडे लिहिते. बंद दारामागेही तिथे मोठा शिकारी प्राणी आहे हे मांजरींना वासावरून कळते. काही मांजरी दोन दिवसांत दुर्लक्ष करतात, तर काही लपून बसतात, खाणे कमी करतात किंवा लिटर बॉक्सच्या बाहेर लघवी करू लागतात. तुमच्या बोक्यावर विशेष लक्ष ठेवा. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन नराची मूत्रनलिका बंद होऊ शकते. तो वारंवार लघवीला बसतो आहे आणि काहीच होत नाही असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या, ती तातडीची स्थिती असते. म्हातार्‍या मांजरीने चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही तरी फोन करा, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. मॉनिटर येण्याआधीच मांजरींचे खाण्याचे आणि लिटरचे ठिकाण त्या खोलीपासून शक्य तितके लांब हलवा, म्हणजे त्या सवयी पक्क्या झालेल्या असतील. त्या खोलीत त्यांना एकदाही जाऊ देऊ नका, कारण पिंजर्‍यातली मऊ माती बोक्याला आपल्या लिटर बॉक्सपेक्षा जास्त आवडेल.

उत्तर: नाशिकरोड

चर्चा अमेरिकेतल्या घराची आहे, परंतु हे भारतातले वाचकही वाचतील म्हणून एक नोंद करतो. महाराष्ट्रात घोरपड पाळण्याचा विचारही करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे आणि ती बाळगणे, विकणे किंवा मारणे यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड पंचवीस हजार रुपये झाला आहे. अंगणात किंवा शेताच्या बांधावर घोरपड दिसली आणि घरातले मांजर तिच्या मागे लागले, तर मांजराला आत घ्यावे, घोरपडीला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, आणि ती जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

ह्यूस्टनची आई

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हे सर्व वाचले. ओळख करून देण्याचा विचार तिने सोडला आहे, मात्र तिला एक वाईट वाटते आहे. तिच्याकडे तो रोज संध्याकाळी घरभर फिरत असे. आता तो केवळ एका खोलीत राहिला तर त्याचे हाल होतील का? तळमजल्यावरची अभ्यासाची खोली आम्ही रिकामी करत आहोत. तिला एकच दार आहे आणि ते थेट दिवाणखान्यात उघडते, याची मला अजूनही काळजी वाटते.

उत्तर: मेलबर्नकर

हाल होणार नाहीत, पण खोलीत त्याला करण्यासारखे काम मात्र द्यावे लागेल. पिंजर्‍याबाहेरची उरलेली खोली हेच त्याचे अंगण करा. जाड ओंडके, चढण्यासाठी फळ्या, पालापाचोळ्याची पेटी यांत अन्नाचे लहान तुकडे लपवून ठेवले, तर तो जिभेने हुंगत तासभर हिंडतो. घरभर फिरण्यात त्याला जे मिळत होते ते मुख्यतः हेच. मुलीने त्याला काठीच्या टोकाला लावलेल्या रंगीत चेंडूची सवय लावावी. चेंडू दिसला, नाकाने त्याला स्पर्श केला की लांब चिमट्याने खाणे मिळते, आणि चेंडू नसेल तर काहीच मिळत नाही. ही सवय मॉनिटर चांगली शिकतो. दार उघडणारा हात म्हणजे खाणे हा समज त्यामुळे पुसला जातो, आणि त्याला जागेवर परत नेण्यासाठी उचलावेही लागत नाही.

एकाच दाराची काळजी रास्त आहे. दाराच्या बाहेर, दिवाणखान्याच्या बाजूला, छतापर्यंत पोहोचणारी लाकडी चौकट उभी करून तिला भक्कम तारेची जाळी आणि दुसरे दार लावा. एक माणूस उभा राहील एवढीच जागा मध्ये पुरते. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. मॉनिटरला पिंजर्‍याबाहेर सोडण्याआधी दोन्ही मांजरी डोळ्यांनी पाहायच्या, त्यांना दुसर्‍या खोलीत घ्यायचे आणि ते दार लावायचे. मांजरी वरच असतील असे गृहीत धरून पिंजरा उघडायचा नाही.

उत्तर: केटीकर

मीही ह्यूस्टनच्या पश्चिमेलाच राहतो, म्हणून आपल्या भागापुरते एक सांगतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळानंतर आपल्याकडे कित्येक घरांची वीज दिवसेंदिवस गेली होती. अशा वेळी सगळे कुटुंब घरातल्या एकाच उबदार किंवा गार खोलीत एकत्र येते, आणि काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले प्राणी नेमके तेव्हाच एका ठिकाणी येतात. वॉटर मॉनिटर उष्ण प्रदेशातला असल्यामुळे थंडीत दिवे बंद पडले तर त्यालाही त्या उबदार खोलीत आणावेसे वाटेल.

म्हणून तो घरी येण्याआधीच त्याच्यासाठी कडी आणि कुलूप असलेली, हवेसाठी भोके पाडलेली मजबूत प्रवासपेटी आणून ठेवा, आणि दोन्ही मांजरींसाठी वेगवेगळ्या पेट्या घ्या. वीज गेली तर प्राणी हलवायचे ते पेटीत घालूनच. लहान जनरेटर घेणार असाल तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवून त्यावर त्या खोलीची ऊब चालेल अशी सोय करा. घर सोडावे लागल्यास पुष्कळ निवार्‍यांत कुत्री-मांजरी घेतात, पण मोठा मॉनिटर घेतीलच असे नाही, त्यामुळे त्याला कोठे न्यायचे हे आजच ठरवून ठेवा. आणि आपल्या शहराचे, गृहनिर्माण संघाचे व घरविम्याचे नियम त्या खोलीवर खर्च करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या, कारण काही विमा कंपन्या अशा प्राण्याने केलेल्या इजेची भरपाई देत नाहीत.